सूतकाकांचा अंगठा

पेटी करून घ्यायला गेलेल्या माणसाला सूतकाका लांबी-रुंदी कधीच आधी विचारायचे नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आत काय ठेवनार?" उत्तर मिळेपर्यंत ते रंध्याला हात लावत नसत. आता पेटीत काय ठेवायचं हा ज्याचा त्याचा मामला. बायका लाजायच्या, पुरुष चिडायचे. कापडबाजारातले एक शेठ एकदा चांगलेच तापले. "तुला काय करायचंय रे? तू आपली पेटी कर!" सूतकाकांनी हातातली फळी शांतपणे खाली ठेवली. "शेट, फलीला सांगाया लागतं. तिलाच ठाऊक नाय तं ती किती जाड व्हायची ते मी कसं ठरवू?" शेठ इकडेतिकडे बघत पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "दात." त्यांना रात्री कवळी काढून ठेवायला डबी हवी होती.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराच्या तोंडी तो असायचाच, पण ह्यांच्या तोंडी उठता-बसता तेवढंच. "दोन सूत घ्या", "अर्ध्या सुतानं मार खाल्ला", "एक सूत जास्त झाला का पेटीचा पेटारा होतो." खरं नाव धोंडू. पण आळीतल्या पोरांनी सूतकाका केलं आणि तेच चिकटलं. माझ्या सासूबाईंना हे नाव अजिबात खपायचं नाही. पोरं घाईघाईने हाका मारायला लागली की त्यातून नेमका 'सूतक' एवढाच शब्द त्यांच्या कानावर पडे. "मेल्यांनो, सणासुदीला सूतक कसलं आणता दारात!" म्हणून त्या ओरडायच्या. सूतकाका समोरच्या ओट्यावरून हसायचे. "आजीबाय, तुमचं सूतक धा दिसांत फिटतं. माझं सूत मेल्याबिगर फिटायचं नाय."

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन पनवेलला आले. सासरचं घर तळ्याच्या अलीकडच्या आळीत, आणि दारासमोर सूतकाकांचं दुकान. दुकान कसलं, भाड्याची एक खोली आणि पुढे ओटा. मागे चूल, पुढे भुसा. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. माझं माहेर उरण आहे हे कळलं त्या दिवसापासून त्यांनी मला सूनबाई म्हणणं सोडलं आणि 'बाय' म्हणायला लागले, तेही अरेतुरेवर येऊन. ते उरणच्या वाटेवरल्या गव्हाणचे. "उरनची लेक म्हंजी आमचीच," हा त्यांचा हिशोब. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण मला फार बरं वाटलं होतं. त्या अख्ख्या आळीत मला माहेरच्या बोलीत हाक मारणारं तेवढंच एक माणूस होतं.

त्यांचे वडील मचवे बांधायचे. बापाच्या कामात दोन-दोन इंचांच्या फळ्या, आणि ह्यांच्या कामात दोन सूत. "बापानं फोडून टाकलेल्या ढलपीत माझी पेटी होती," असं ते सांगायचे. बापाला हे पोरखेळ वाटायचे. मचवा सोडून कुंकवाच्या करंड्या करणारा पोरगा त्यांना कुणाला दाखवायची लाज वाटे. सूतकाका मात्र सांगायचे, की मोठी वस्तू कुणीही करील, जाड फळी चूक पोटात घालते. पातळ फळी चुगलखोर. ती सगळ्या गावाला सांगत सुटते.

फळी किती जाड घ्यायची ह्याचं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं आणि ते विचारणाऱ्याला आनंदाने सांगत. वितीएवढ्या पेटीला दोन सूत. हातभर असेल तर पाच. झाकणाला अर्धं सूत जास्त, कारण बिजागरीचे स्क्रू तिथेच जीव धरतात. बूड मात्र पातळ, कारण ते जमिनीवर निवांत बसतं, त्याला कसले कष्ट! आणि मधल्या मापाला? "मधल्या मापाला अंगठ्याला विचारायचं." ते डोळे मिटायचे, फळी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरायचे आणि कडेकडेने सरकवत न्यायचे. कुठे रंधा कमी फिरला आहे, कुठे जास्त, ते त्यांना तसंच कळायचं. पट्टी होती, पण ती भिंतीला. "पट्टीवर सूत दिसतो. अर्धा सूत दिसत नाय. पाव तं नायच." आणि सगळ्यावर एक नियम. पेटी उचलली की हाताला आतल्या वस्तूचं वजन लागलं पाहिजे, पेटीचं नाही.

एकदा बाजारपेठेतले एक मुसलमान चाचा अत्तराच्या कुप्यांसाठी पेटी सांगायला आले. उत्तम साग हवा, म्हणाले, खर्चाची फिकीर नाही. सूतकाका मान हलवायला तयार नाहीत. "चाचा, सागाला सोताचा वास हाय. तुमची खुशबू आनी त्याचा वास, दोगं एका खोलीत भांडतील." चाचा खूष झाले. "वल्ला! तू सुतार नाहीस, हकीम आहेस," म्हणून त्यांनी पाठीवर थाप मारली. शेवटी शिवणीच्या लाकडाची पेटी झाली, पावणेदोन सुताची. चाचा पुढे ती ज्याला-त्याला उघडून दाखवायचे आणि अत्तर राहिलं बाजूला, पेटीचंच कौतुक सांगत बसायचे.

माझी पहिली मुलगी साडेचार महिन्यांची होऊन गेली. तिची दुपटी-झबली सासूबाईंनी त्याच आठवड्यात देऊन टाकली, घरात ठेवू नयेत म्हणून. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, तशीच रीत होती. मी एक कुंची तेवढी उशीच्या अभ्र्यात लपवली. पाच-सहा महिन्यांनी धीर करून समोर गेले. "काका, एक पेटी हवी." ठरलेला प्रश्न आला, "आत काय ठेवनार?" मी पदराखालून कुंची काढली आणि त्यांच्या बाकड्यावर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही. हात धोतराला पुसले, कुंचीच्या वर अधांतरी वीत धरून माप घेतलं आणि म्हणाले, "घरला ने. भुसा लागंल तिला."

चार दिवसांनी पेटी दिली. शिवणीचीच, हलकी, पिवळसर. "दीड सूत केली, बाय. यापरीस पातल केली तं फुटंल. यापरीस जाड केली तं उघडल्यावर कुंची दिसायची नाय, पेटीच दिसंल." मी तिथेच, त्यांच्या ओट्यावर, भर दुपारी रडले. घरात रडायची सोय नव्हती. सूतकाका पाठ फिरवून उगीचच एका साफ झालेल्या फळीला रंधा मारत राहिले, माझं रडणं समोर ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यानंतर माझी दुपार समोरच्या ओट्याजवळ जायला लागली. सासूबाई जेवून आडव्या झाल्या की मी तांदूळ निवडायला दारात बसायची आणि दोन शब्द बोलायला म्हणून रस्ता ओलांडायची. ते मला डोळे मिटायला लावून हातात दोन फळ्या द्यायचे. जाड कुठली? पातळ कुठली? कितीने? पहिले पंधरा दिवस मी नुसती ठोकून द्यायची. पण अंगठा शिकतो हो! महिन्याभरात मी पाव सुतापर्यंत बरोबर सांगायला लागले. सूतकाकांनी कपाळाला हात लावला. "अगो, हा तं सुताराचा अंगठा! चुकून भाताच्या टोपात पडला!" घरी मला कशाचंही कौतुक होत नसे, त्यामुळे हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते.

मग सासूबाईंनी पोथीसाठी सरकत्या झाकणाची पेटी सांगितली. पेटी आली आणि झाकण अर्ध्यावर अडकलं. चार बाजूंतल्या तीन बरोबर दोन सुताच्या आणि चौथी चांगली पावणेतीन! मी हसत-हसत ती परत घेऊन गेले. "काका, अंगठा विकून खाल्लात की काय?" त्यांनी पेटी घेतली, डोळे मिटले, चौथ्या बाजूवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "सारखीच तं हाय," म्हणाले. मला वाटलं थट्टा करताहेत. पण ते तिसऱ्यांदा अंगठा फिरवायला लागले.

"बाय, दार लोट," ते म्हणाले. मी लोटलं. त्यांनी पटाशी उचलली आणि तिचा कोपरा उजव्या अंगठ्याच्या पेरावर दाबला, आणखी दाबला. रक्ताचा थेंब वर आला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "बघ. अंगठा झोपलाय."

"वारं गेलं असेल," मी म्हणाले.

"आसंल," ते म्हणाले.

मला तेव्हा काही कळलं नव्हतं असं मी पुढे पुष्कळ वर्षं लोकांना आणि स्वतःला सांगत आले. साफ खोटं. गेले काही महिने ते ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालत होते. एकदा बाही वर सरकली तेव्हा कोपराखाली उठलेला फिकट चट्टा मी पाहिला होता. त्या रोगाचं नाव आमच्याकडे कुणी मोठ्याने घेत नसे. महारोग. मला ते नाव त्या लोटलेल्या दाराआड आठवलं होतं, आणि मी वारं म्हणाले.

"डॉक्टरांना दाखवा," एवढं तरी मी म्हटलं.

"दाखवला का आळी सुटली, बाय. मंग खोली नाय, गिऱ्हाईक नाय. गव्हानला भाऊ घरात घेनार नाय. आनी पेट्या सोडून मला येतं काय?" त्यांनी अंगठ्यावरचं रक्त धोतराला पुसलं. "तुझा अंगठा देशील का मला? दुपारी थोडा येल."

दिला. सव्वा वर्ष दिला. दुपारी सूतकाका फळी रंधून खिडकीत ठेवायचे आणि दोन पावलं मागे सरायचे. मी बाहेरून हात घालून चिमटीत धरायची. "डाव्या टोकाला अर्धं सूत जास्त." मी हात काढला की ते फळी उचलायचे, पुन्हा रंधा मारायचे, पुन्हा खिडकीत ठेवून मागे सरायचे. हातातून हातात फळी त्यांनी एकदाही दिली नाही. आणि मी निघाले की दर वेळी सांगायचे, "घरी जाऊन हात साबनानं धू. भुसा लई वाईट." मी म्हणायची, काय मेलं भुशाचं कौतुक! पुढे उलगडा झाला तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाने मला सव्वा वर्ष किती जपलं, आणि मी त्यांच्यावर उपकार करतेय अशा तोऱ्यात तिथे उभी राहायची.

त्या सव्वा वर्षात त्यांच्या हातून एकही पेटी वाकडी गेली नाही. उलट नाव वाढलं. अलिबागहून कुणी वकील दौत-टाकाची पेटी करून घेऊन गेले. सूतकाकांनी मला खिडकीतून सांगितलं, "बाय, कोर्टात तुझा अंगठा गेला!" आम्ही दोघं हसलो. मला दिवस गेले होते, पाचवा लागला होता. सगळं असंच चालत राहील असं मला वाटायला लागलं होतं.

घात केला एका बिडीने. सकाळची वेळ. सोनारआळीतले एक सोनार तराजूसाठी पेटी सांगायला आले होते, आणखी तिघे-चौघे ओट्यावर टेकलेले. मी दारात तांदूळ निवडत होते. सूतकाका रंगात येऊन सांगत होते, की तराजूच्या पेटीला बूड पातळ चालत नाही, तिथे सगळा नियम उलटा. उजव्या हाताच्या बोटांत बिडी. ती जळत-जळत खाली आली, बोटाशी टेकली, आणि हे बोलतच आहेत. मला आळीच्या ह्या बाजूला वास आला. सोनार ओरडले, "अहो, बोट! बोट जळतंय तुमचं!" सूतकाकांनी मान खाली करून बोटाकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या बोटाकडे पाहावं तसं पाहिलं. त्या पाहण्यानेच सगळं उघडं पडलं. सोनार ओट्यावरून उतरले ते वहाणा न घालताच.

बातमीला पाय लागतच नाहीत. दुपारपर्यंत घरमालक येऊन रस्त्यातूनच खोली सोडायला सांगून गेला. तिसऱ्या प्रहरी गटाराच्या कडेला कुणीतरी पाचोळा पेटवला आणि बायका घराघरातून पेट्या आणायला लागल्या. करंड्या, फणीच्या पेट्या, चष्म्याची घरं. तीच माणसं ती, ज्यांनी ह्या पेट्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवल्या होत्या. सासूबाईंनी पोथीची पेटी काढली, माझ्या यजमानांच्या लेखण्यांची काढली आणि मला म्हणाल्या, "तुझीही आण." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. लुगड्यांच्या घडीखाली मी काय ठेवलंय हे त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि इतके दिवस त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

मी आणली. आळीत मी कुणालाही सांगितलं नाही की ह्या माणसाच्या फळ्या मी सव्वा वर्ष हाताळल्या आहेत. मूग गिळून चालत गेले. आगीकडे जायचं म्हणजे त्यांच्या ओट्यावरूनच जावं लागे. सूतकाका गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. माझ्या हातात काय आहे ते त्यांनी लांबूनच ओळखलं.

"ती पन?" ते म्हणाले.

"घरात लहान यायचंय, काका."

"बरोबर हाय. टाक." मी पाऊल पुढे टाकलं तेव्हा मागून आवाज आला, "आतलं तरी काढून घे, बाय."

मी काढलं नाही. कुंचीलाही काही लागलं असेल ही भीती, दुसरं काय! पेटी तशीच टाकली. दीड सुताची शिवण, तिला जळायला किती वेळ लागणार? मी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी हे कचेरीतून आले, आपल्या लेखण्या नुसत्याच कोनाड्यात पडलेल्या पाहिल्या, आणि काहीही न विचारता पानावर बसले. आमच्या घरात तेव्हा न विचारण्याचीच पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता-उजाडता सूतकाका गेले. खांद्यावर हत्यारांची पिशवी, पायी. गव्हाणला भावांनी मिठागराच्या बांधावर एक झोपडं घालून दिलं असं ऐकलं. तिथून कुणी भल्या माणसाने त्यांना लांबच्या एका महारोग्यांच्या इस्पितळात पोचवलं. तिथे नव्या गोळ्या निघाल्या होत्या म्हणे. मला मुलगा झाला, धडधाकट. मी पुढे वर्षभर रोज सकाळी चुलीजवळ बसून अंगठ्याला सुई टोचून पाहायची. दुखलं की देवाचे आभार मानायची. सूतकाकांची आठवण त्या वेळी यायची, पण ती भीतीची आठवण होती. माणसाची नव्हे.

दहा-अकरा वर्षं गेली. सासूबाई वारल्या. पनवेलला आगगाडी आली, आळीत विजेचे दिवे आले. हे कचेरीत अव्वल कारकून झाले. एका दुपारी दारात, पायरीच्या खाली, एक म्हातारा उभा. डोक्याला टोपी, अंगात कुणाचा तरी सैल कोट, हात खिशात.

"बाय, वलखलास का?"

आवाजावरून ओळखलं. मी म्हटलं, "काका, आत या." आले ते ओसरीपर्यंतच. मी चहा केला आणि आमच्याच कपबशीतून दिला. त्यांनी हात खिशातून काढले. बोटं आखूड झालेली, उजवा अंगठा पेरापर्यंत राहिलेला. दोन्ही तळव्यांत कप धरून ते प्यायले. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला! एक कपबशी देऊन मी अकरा वर्षं फेडली असं वाटलं. इतकी मी शहाणी.

चहा झाल्यावर त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. डॉक्टरांची सही, शिक्का. रोग पूर्ण बरा आहे, कुणाला लागण होणार नाही. मला मोठ्याने वाचायला लावला. वाचून झाल्यावर म्हणाले, "आनी एकदा वाच." मी पुन्हा वाचला. ते डोळे मिटून ऐकत होते.

"पेट्या करता का अजून?" मी विचारलं.

"करतो तं! तिथं धा जनांना शिकवल्या."

"मग जाडी कशी बघता?"

ते पोरासारखे हसले. "व्हटांनी! व्हट जागं हायत माझं. फली अशी व्हटांत धरायची. अंगठ्यापरीस नीट कलतं बग. पाव सुताचं पन पाव." कोटाच्या खिशातून त्यांनी एक ढलपी काढली आणि ओठांत धरून दाखवली. मला हसू आलं आणि भडभडूनही आलं.

मग ते मुद्द्यावर आले. त्यांना परत यायचं होतं. तिथे सगळं बरं होतं, दोन वेळ अन्न होतं, पण तिथे राहिलेलं माणूस रोगीच राहतं. "मला मरताना सुतार म्हनून मरायचंय, बाय. आळीत कोनी खोली देयाचं नाय. तुमची मागली पडवी रिकामीच आसंल. सायबांना एक शबूद टाक. सायब हो म्हनले तं आळी गप बसंल."

खरंच गप्प बसली असती. ह्यांच्या शब्दाला तेवढं वजन होतं. मला ते तिथल्या तिथे कळलं, आणि लगेच दुसरंही कळलं. शेजारणी काय म्हणतील, मुलाबरोबर कोण खेळेल, हळदीकुंकवाला कोण येईल. हे तर कधी काही बोलत नाहीत, पण तेही नाहीच म्हणणार.

"ह्यांना विचारून सांगते," मी म्हणाले.

आपल्या लोकांत हे वाक्य किती सोयीचं आहे! नाही म्हणायचं आणि वाईटपणा नवऱ्याच्या नावावर लिहायचा. सूतकाकांना मात्र ते खरं वाटलं. त्यांचा चेहरा फुलला. "कवा येऊ?"

"पुढच्या मंगळवारी."

मंगळवारी ते आले. त्याच वेळेला, पुन्हा पायरीच्या खाली. मी माजघरात होते. मुलाला पुढे पाठवलं, "आई घरी नाही म्हणून सांग." त्याने सांगितलं. मी खिडकीच्या फटीतून पाहत होते. सूतकाकांनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं. हे मूल पोटात होतं तेव्हाच आपली पेटी जळली, हे त्यांच्या ध्यानात आलं असणार. त्यांचा हात मुलाच्या डोक्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबून खिशात परतला. "मोटा हो," एवढं म्हणाले. आमच्या बंद खिडकीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी आत आहे हे त्यांना कळलं नसेल असं समजायचा मी अजूनही प्रयत्न करते.

पुन्हा ते आले नाहीत. तीन वर्षांनी गव्हाणचा कुणी भाजीवाला बोलता-बोलता म्हणाला, की धोंडू सुतार त्या इस्पितळातच वारला, भरपावसात. तिथेच दहन झालं. मी भाजी निवडून घेतली आणि घरात आले.

ह्यांना मी ते सगळं सांगितलं ते निवृत्तीनंतर, आम्ही दोघंच घरात उरलो तेव्हा. एका दुपारी हे कागदपत्रांसाठी बाजारातून एक पेटी घेऊन आले. जाड, बोजड, रिकामीच उचलवेना. हे म्हणाले, "आपल्या समोर ते सूतकाका होते, त्यांचं काम काय पाहायचं!" मला राहवलं नाही. खिडकीतल्या फळ्या, सव्वा वर्ष, कुंची, तो कागद, पडवी, मंगळवार, एकेक करत सगळं बोलून गेले. हे ऐकत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला विचारलं का नाहीस तेव्हा?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"कशावरून?" हे म्हणाले. मी त्या बोजड पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग अगदी हळू आवाजात हे म्हणाले, "मी हो म्हटलं असतं गं. पडवीत होतं काय आपल्या? गोवऱ्या आणि एक मोडकी सायकल."